दांड्याची शेपटी आणि दोन पिक्सेल

मी ट्रेसर होते. हा शब्द आता कुणाला सांगितला की मोबाइलवरून चोर शोधणारी बाई डोळ्यांसमोर येते. माझी सून लग्नानंतर सहा महिने तसंच समजत होती आणि मीही तिला समजू दिलं. खरं काम साधं. डिझायनर पेन्सिलीनं यंत्राचं ड्रॉइंग काढतो. त्याच्यावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि काळ्या शाईनं तेच ड्रॉइंग जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. त्या शाईच्या कागदावरून छाप निघतात, छाप खाली शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, जातात आणि त्याबरहुकूम लोखंड कापलं जातं. पेन्सिलीचा कागद कपाटात पडून राहतो. शाईचा कागद म्हणजे कायदा.

हे मी एकोणीस वर्षं केलं, बंगळुरात, पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. अगरबत्तीच्या काड्या मोजून पुड्यात भरणारी यंत्रं आम्ही बनवायचो. लग्न होऊन निपाणीहून आले तेव्हा कानडी येत होतं, चित्रकलेची परीक्षा दिलेली होती आणि हात थरथरत नव्हता. एवढ्यावर नोकरी लागली. टेबलावर चहा आणायची कुणाची हिंमत नव्हती. उन्हाळ्यात मनगटाला रुमाल बांधून बसायचं, घामाचा थेंब पडला की तीन दिवसांचं काम गेलं. रेघ चुकली तर दाढीच्या पात्यानं शाई खरवडायची, तीही अशी की कागदाला कळू नये. माझ्या कागदावर खरवडल्याची खूण शोधून दाखवा असं मी पैजेवर सांगायची, आणि कधी हरले नाही.

या धंद्याचे दोन नियम. पहिला, ट्रेसरनं डोकं चालवायचं नाही. दुसरा, गडद रेघ उतरवायची, फिकट सोडायची. डिझायनर आधी कठीण पेन्सिलीनं मदतीच्या फिकट रेघा मारून घेतो आणि मग मऊ पेन्सिलीनं खरं ड्रॉइंग गडद करतो. फिकट रेघ म्हणजे शिंप्यानं कापडावर मारलेली खडूची खूण. ती शिवायची नसते.

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारी दोन पोरं कारखान्यात आली आणि आम्ही चार ट्रेसर बायका होतो त्यांतली मी एकटी उरले. १९९९ च्या सुमारास एक दिवस मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. स्वतः इंजिनियर, सुरुवातीच्या काळात स्वतःच ड्रॉइंग तपासायचे. आमचं बोलणं कानडीत व्हायचं, मी इथं मराठीत सांगते.

"शकुंतला, ड्रॉइंग ऑफिस मी बंद करतोय," ते म्हणाले. "पण सगळे वेबसाइट करतायत. आपलीही पाहिजे. पॅलेस ग्राउंडवर प्रदर्शन आहे, तिथं यंत्र उचलून न्यायचं म्हणजे क्रेन आली. स्क्रीनवर यंत्र हलताना दाखवता आलं तर काम भागेल. दीड महिन्याचा कोर्स आहे. शिकून ये. प्रदर्शनात जमलं तर तू राहिलीस, नाही जमलं तर हिशेब करून मोकळी."

मी बेचाळीस वर्षांची होते. मुलगा बारावीला. नवऱ्याच्या पाठीच्या मणक्यानं त्या वर्षी त्याला घरी बसवलं होतं. माऊसला मी तोवर हात लावलेला नव्हता. तरी मी "सरी" म्हणाले, म्हणजे ठीक आहे. मला भीती वाटली नाही, खरंच सांगते. रेघ ती रेघ, शाईची काय आणि उजेडाची काय.

क्लास राजाजीनगरात एका बेकरीच्या वर होता. सकाळी सात ते नऊ, नंतर तिथूनच बस धरून पीण्याला. चपला जिन्यात काढायच्या, कारण आत कॉम्प्युटर होते आणि त्यांना धूळ चालत नाही असं तिथल्या सगळ्यांचं मत होतं. बारा जण, सहा कॉम्प्युटर. वीज गेली की कोपऱ्यातला बॅटरीचा डबा पी पी करायला लागायचा आणि पाच मिनिटांत काम जपून ठेवा म्हणून सगळे धावपळ करायचे. पहिल्या आठवड्यात वेबपान कसं बांधायचं, दुसऱ्यात चित्रं कशी हलकी करायची. फोनच्या तारेतून येणारं ते इंटरनेट, एक जड फोटो टाकला की पान उघडेपर्यंत माणूस अंघोळ करून यायचा. तिसऱ्यापासून ॲनिमेशन.

शिकवायला केतकी नावाची पुण्याची मुलगी होती, तेवीस वर्षांची. पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हणाले, ती मला मॅडम म्हणाली. हजेरीत आडनाव वाचल्यावर तिनं चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही मराठी? अहो काकू, मग मी उगाच कशाला एवढं हिंदी झाडतेय." तेव्हापासून मी काकू. तिचं मराठी म्हणजे दर दोन शब्दांमागं एक इंग्रजी. माझं बोलणं ऐकून ती हसायची, म्हणायची, तुमच्या प्रत्येक वाक्याला 'की हो' लागतंच का. मी म्हणायची, लागतंय की हो.

कॉम्प्युटरवर माझ्या जोडीला एक दर्शिनी हॉटेलवाले होते, उभ्यानं इडली खायची असते तसलं. पन्नाशीचा माणूस, कपाळाला गंध. त्यांना जगातलं एकच पाहिजे होतं, स्क्रीनवरच्या इडलीतून वाफ वर गेली पाहिजे. बाकी कशात लक्ष नाही. वाफ जमली तर ती इडलीच्या आतून न येता बशीखालून यायची, आणि इडली पेटल्यासारखी दिसायची. शेवटी मी त्यांच्या हातातून माऊस घेतला आणि वाफ काढून दिली. पुढं कित्येक वर्षांनी मी स्वतःचं वेबसाइटचं काम सुरू केलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक हेच. तेव्हाही वाफच पाहिजे होती.

माझं गाडं कुठं अडलं ते सांगते. ॲनिमेशन म्हणजे थोडी थोडी वेगळी चित्रं भराभर दाखवायची, की ती हलल्यासारखी वाटतात. सॉफ्टवेअरमध्ये पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र आपण काढायचं, मधली कॉम्प्युटर भरतो. मला ते पटेना. माझ्या यंत्राची मधली चित्रं दुसऱ्यानं का भरायची? मी एकेक चित्र स्वतः काढत बसले, मागच्या चित्रावर पुढचं ठेवून. केतकी कपाळाला हात लावायची. "काकू, या स्पीडनं तुमचं प्रदर्शन पुढच्या वर्षी होणार." पण तिच्याच सॉफ्टवेअरमध्ये मागचं चित्र खाली पुसट दिसण्याची सोय होती, आणि ती बघून मला माहेर भेटल्यासारखं झालं. दहा दिवसांत मी वर्गात सगळ्यांच्या पुढं होते. हे मी फुशारकीनं सांगतेय, कारण खरं आहे.

यंत्रात मुख्य भाग एक दांडा. तो झुलतो, पुढच्या टोकानं काड्यांचा जुडगा पुड्यात ढकलतो आणि मागं येतो. मागच्या टोकाला आम्ही शेपटी म्हणायचो. शेपटीच्या खालून एक संरक्षक पत्रा जातो. मी सगळे भाग माझ्याच जुन्या ट्रेसिंगवरून अचूक मापात काढले होते. चौथ्या आठवड्यात दांडा पहिल्यांदा झुलवला. सतराव्या चित्रात शेपटी पत्र्याच्या आत घुसली.

मी माप तपासलं. बरोबर. पुन्हा झुलवला. पुन्हा घुसली.

केतकी मागं उभी होती. तिनं माझा माऊस घेतला, शेपटी पकडली आणि वर सरकवली. "दोन पिक्सेल वर. कुणाला कळणार आहे?" दांडा झकास झुलायला लागला. हॉटेलवाले टाळ्या वाजवायला लागले. मी मात्र सतराव्या चित्रावरून नजर काढली नाही.

का, ते समजायला तीन वर्षं मागं जायला पाहिजे. शिवण्णा आमच्या असेंब्लीतले सगळ्यांत जुने फिटर. यंत्राचे सुटे भाग जोडून यंत्र उभं करणारे ते. ते प्रत्येक दांड्याची शेपटी बसवण्याआधी खालून कानसीनं घासायचे. का घासता म्हणून विचारलं तर म्हणायचे, नाहीतर लागते. एकदा म्हैसूरच्या गिऱ्हाइकाकडं एक दांडा शेपटीजवळ तुटला. चौकशी झाली. दांडा ड्रॉइंगप्रमाणे नाही, त्याला कानस मारलेली आहे, असं निघालं आणि तुटण्याचं खापर त्या कानसीवर फुटलं. मालकांनी ड्रॉइंग मागवलं आणि ट्रेसर म्हणून मलाही बोलावलं. मी सगळ्यांसमोर कागद उलगडला आणि ताठ मानेनं सांगितलं, "ड्रॉइंग बरोबर आहे. शेपटीला खाच नाही." शिवण्णांना असेंब्लीतून काढून पॅकिंगला टाकलं. तीन वर्षं तो माणूस लाकडी खोक्यांना खिळे मारत होता. त्यांच्यानंतरच्या फिटरांनी ड्रॉइंगप्रमाणे न घासता दांडे बसवले. यंत्रं टक टक आवाज करायची आणि दांडे अधूनमधून तुटायचे. हा भाग तुटायचाच, जास्तीचा घेऊन ठेवा, असं गिऱ्हाइकांना सांगायची आम्हाला सवय झाली होती.

त्या दिवशी क्लासवरून कारखान्यात गेले ती थेट कपाटाकडं. पेन्सिलीचा मूळ कागद काढला. डिझायनर कधीच वारले होते. कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरला, आणि शेपटीच्या खालच्या बाजूला दिसली, कठीण पेन्सिलीनं काढलेली अर्धगोल खाच. शेजारी बारीक माप, सहा मिलिमीटर. शेवटच्या घटकेला सुचलेली सुधारणा त्यांनी हाताला लागली त्या पेन्सिलीनं केली होती, आणि गडद करायचं राहून गेलं होतं. मी ती मदतीची रेघ समजून सोडली होती. नियमाप्रमाणे. एकोणीस वर्षांतली माझी एकच चूक, आणि ती एका माणसाच्या मानगुटीवर जाऊन बसली होती.

मी ताबडतोब मालकांकडं धावले असं लिहायला मला आवडलं असतं. धावले नाही. कागद घडी न पाडता परत ठेवला, कपाट लावलं आणि घरी जाऊन मुलाला जेवायला वाढलं. मालकांचे 'जमलं तर तू राहिलीस' हे शब्द कानात होते. आपणच चुकलो हे सांगणारीला ते ठेवतील कशाला? आणि सांगून शिवण्णांची तीन वर्षं थोडीच परत येणार, अशीही मी मनाची समजूत घालत होते. असं दीड आठवडा चाललं. त्या दीड आठवड्याची मला अजून लाज वाटते.

कोर्स संपला. वर्गात पहिली आले, सर्टिफिकेट मिळालं. केतकीनं बेकरीतून हनी केक आणून सगळ्यांना वाटला. फ्लॉपी घेऊन मी कारखान्यात गेले आणि मालकांच्या कॉम्प्युटरवर यंत्र चालू केलं. काड्या आल्या, दांडा झुलला, पुडा भरला, पुढं गेला. मालक खुर्चीवरून उठले. "अरे, सगळ्यांना बोलवा," म्हणाले. केबिनमध्ये मावतील तेवढे आत आले, बाकीचे काचेबाहेर. शिवण्णा दारात उभे होते, शर्टाला लाकडाचा भुसा. मालकांनी यंत्र चार वेळा चालवून दाखवलं. माझी नोकरी पक्की झाली हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

तेवढ्यात शिवण्णा दारातूनच म्हणाले, अगदी हळू, रागाचा लवलेश नाही, "अक्का, तुम्हीपण शेपटीला कानस मारली की."

कुणाला काही कळलं नाही. दोन पिक्सेल. वर्गात बाकी कुणाला दिसले नव्हते, मालकांना दिसले नव्हते. या माणसाला दाराशी उभं राहून दिसले.  नुसती हसून मान हलवली असती तर गोष्ट तिथंच हसण्यावारी गेली असती.

"मारली, शिवण्णा," मी म्हणाले. "मारावीच लागली. नाहीतर लागते."

मग मी कपाटातला पेन्सिलीचा कागद आणि माझं ट्रेसिंग, दोन्ही आणून मालकांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. खाच दाखवली. "ही मी सोडली. चौकशीत ड्रॉइंग बरोबर आहे म्हणाले ते चूक होतं. शिवण्णा बरोबर होते."  मालकांनी सगळ्यांना कामावर जायला सांगितलं. शिवण्णाही गेले.

"प्रदर्शन चार दिवसांवर आहे," मालक म्हणाले. "हे आत्ता काढायचं होतं?"

"आधीच काढायला पाहिजे होतं, सर. उशीर झाला."

"ठीक आहे. खाच घाल. स्क्रीनवर घाल, यंत्रातही घालू. शिवण्णाचं नंतर बघू."

"नंतर नको," मी म्हणाले. "ते असेंब्लीत परत जाऊ देत, मग मी चित्र दुरुस्त करते."

"मला अट घालतेस? चूक तुझी आणि अटही तुझीच?"

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकटी असतात. कुणी काढलं, कुणी ट्रेस केलं, कुणी तपासलं. पेन्सिलीचा कागद आणि शाईचा कागद शेजारी ठेवून ताडून बघायचा आणि मगच सही करायची, हे तपासणाऱ्याचं काम. मी तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. सही मालकांची होती.

त्यांनी सहीकडं बघितलं. मग चष्मा काढून पुसला. आतल्या आत काय चाललं होतं देव जाणे. "उद्या सकाळपासून शिवण्णा असेंब्लीत," म्हणाले, आणि फोन उचलून दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागले. शिवण्णांची माफी त्यांनी मागितली नाही. माझी नोकरी राहिली की गेली तेही बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. प्रदर्शनात स्टॉलवर मीच उभी होते, एवढं खरं.

कॉम्प्युटरवाल्या पोरांनी खाच दोन मिनिटांत काढून दिली असती. मी म्हटलं, शाईत चुकलेलं शाईतच दुरुस्त होईल. त्याच संध्याकाळी नवा कागद ताणला, उशिरापर्यंत बसून दांडा पुन्हा पहिल्यापासून उतरवला, सहा मिलिमीटरची खाच गडद काढली. बदलाच्या रकान्यात लिहिलं, असेंब्लीच्या सूचनेवरून. ट्रेसरच्या चौकटीत माझी सही केली. तपासणाऱ्याची चौकट रिकामी ठेवली आणि सकाळी कागद घेऊन खाली शॉपमध्ये गेले. शिवण्णांचा तो असेंब्लीतला पहिला दिवस. हत्यारांचा डबा ते घरून परत घेऊन आले होते.

मी म्हणाले, "शिवण्णा, मी तुमचं वाटोळं केलं. मला माफ करा."

 त्यांनी हात पुसले, मग कागदाच्या कडांना धरून तो टेबलावर पसरला. "इथं कुणाची सही राहिली?"

"तुमची."

"सरांना विचारलं?"

"नाही."

त्यांनी खिशातून पोलादी पट्टी काढली. मला वाटलं होतं, सही करतील, डोळे भरून येतील, माझंही मन हलकं होईल. ते खाचेवर पट्टी लावून वाकले. एकदा आडवं माप, एकदा उभं. फिटरनं असं माझं ड्रॉइंग तपासावं, हे एकोणीस वर्षांत पहिल्यांदा होत होतं, आणि खरं सांगते, माझं डोकं थोडं तापलंच.

"सहा पुरत नाही, अक्का," ते म्हणाले. "यंत्र तासभर चाललं की दांडा तापतो. तापला की स्वल्प वाढतो. साडेसहा करा."

"कागदावर सहाच आहे. मूळ ड्रॉइंगमध्ये सहा आहे."

"असेल. मी साडेसहा घासत होतो."

कागद त्यांनी गुंडाळून माझ्या हातात दिला आणि पुढच्या यंत्राकडं वळले. मी जिना चढून वर गेले. पातं काढलं, जुनी रेघ खरवडली, कागद नखानं घोटून गुळगुळीत केला, साडेसहाची खाच काढली आणि शाई वाळेपर्यंत तिथंच उभी राहिले. दुपारी पुन्हा खाली गेले. त्यांनी पुन्हा पट्टी लावली. मग पेन मागितलं.